नायट्रिक ऑक्साईड सोडणारी दाहशामके : एका औषधकल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

औषधांचा इतिहास बहुधा यशस्वी औषधांच्या क्रमाने लिहिला जातो. पेनिसिलिन, इन्सुलिन, ॲस्पिरिन यांवर ग्रंथ उपलब्ध आहेत. जी औषधे रुग्णाच्या हाती कधी पोहोचलीच नाहीत, त्यांची नोंद कंपन्यांच्या अहवालांत आणि नियामक यंत्रणांच्या दप्तरांत पडून राहते. नायट्रिक ऑक्साईड सोडणाऱ्या दाहशामक औषधांची हकीकत या दुसऱ्या प्रकारात मोडते. सुमारे वीस वर्षे युरोप व उत्तर अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळा या कल्पनेमागे होत्या. गटातील अग्रणी औषध नॅप्रॉक्सिनॉड हे २,७०० हून अधिक संधिवाताच्या रुग्णांवरील अंतिम टप्प्याच्या चाचण्या पार करून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या दारापर्यंत गेले आणि २०१० मध्ये तेथेच थांबले.

‘प्राण्यांत जमले, माणसांत फसले’ असा या प्रकरणाचा निकाल एका वाक्यात लावण्याची पद्धत आहे. घटनाक्रम बारकाईने पाहिला असता तो निकाल अपुरा वाटतो. हे औषध ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून घडवण्यास आरंभ झाला, तो प्रश्न औषध घडत असतानाच बदलला. जुन्या प्रश्नासाठी जमवलेला पुरावा अर्धवट राहिला आणि नव्या प्रश्नासाठी लागणारा पुरावा जमवण्याइतके बळ उरले नाही. प्रस्तुत लेखात या कल्पनेच्या उगमापासून तिच्या अखेरीपर्यंतचा मागोवा घेतला आहे.

ॲस्पिरिन आणि जठर

वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये, हे आज घरोघरी ठाऊक आहे. या साध्या सूचनेमागे दीर्घ इतिहास आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला पत्र लिहून विलो वृक्षाच्या सालीचे चूर्ण हिवतापासारख्या ज्वरात सुमारे ५० जणांना उपयोगी पडल्याचे कळवले. एकोणिसाव्या शतकात त्या सालीतील सॅलिसिन वेगळे करण्यात आले, पुढे सॅलिसिलिक आम्ल कारखान्यात बनू लागले. परंतु ते आम्ल पोटाला सोसवत नसे. बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये तयार केलेले ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल १८९९ पासून ॲस्पिरिन या नावाने विक्रीस आले. पोटाला सौम्य असे वेदनाशामक, हीच त्याची ओळख करून देण्यात आली होती. म्हणजे या औषधकुलाचा आधुनिक इतिहासच जठराला जपण्याच्या आश्वासनाने सुरू होतो.

ते आश्वासन कितपत पाळले गेले, याचा दृश्य पुरावा १९३८ मध्ये मिळाला. लंडनमध्ये डाऊथवेट आणि लिंटॉट या डॉक्टरांनी जठरदर्शक नळीतून पाहिले तेव्हा ॲस्पिरिन घेतलेल्यांच्या जठराचे अस्तर लालसर झालेले व क्वचित त्यातून रक्त पाझरताना आढळले. तरीही औषधांची संख्या वाढतच गेली. इंडोमेथासिन, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक ही सारी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अपत्ये. वेदना कमी करण्यात प्रत्येक कमी-अधिक सरस, पण जठराच्या बाबतीत सर्वांचे कुलवैशिष्ट्य एकच.

ते एकच का, याचे उत्तर जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दिले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये गिनिपिगच्या फुप्फुसाच्या अर्कावर काम करताना त्यांनी दाखवले की, ॲस्पिरिन व तत्सम औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. सायक्लोऑक्सिजनेज हे विकर ती द्रव्ये बनवते, आणि ही औषधे त्या विकराचाच मार्ग अडवतात. प्रोस्टाग्लँडिन सांध्यात सूज व वेदना वाढवतात, पण जठरात हीच द्रव्ये श्लेष्म्याचा थर राखतात, आम्लाला उतारा देणारे बायकार्बोनेट स्रवण्यास मदत करतात आणि अस्तराचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. सांध्यातला उपद्रव थांबवताना जठरातला पहारेकरीही काढून घेतला जातो. गुण आणि दोष एकाच क्रियेची दोन फळे आहेत, ही या शोधातील अस्वस्थ करणारी बाब होती. वेन यांना बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासमवेत १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कोंडीतून सुटण्याचे मार्ग तर्काने मोजकेच होते. काढून घेतलेले प्रोस्टाग्लँडिन बाहेरून परत द्यावे, हा पहिला. मिसोप्रॉस्टॉल हे कृत्रिम प्रोस्टाग्लँडिन अमेरिकेत १९८८ मध्ये याच कारणासाठी मान्य झाले, परंतु अतिसार आणि गर्भाशयाचे आकुंचन या त्याच्या परिणामांनी वापरावर मर्यादा आली. जठरातील आम्लच कमी करावे, हा दुसरा मार्ग. ओमेप्राझोलच्या कुळातील औषधांनी तो रुंद केला. पहारेकऱ्याचे काम करू शकेल असा दुसरा कोणी शोधावा, हा तिसरा. त्या तिसऱ्या मार्गाचे साहित्य एका वेगळ्याच क्षेत्रात तयार होत होते.

स्फोटकापासून संदेशवाहकापर्यंत

इटलीतील तुरिन येथे आस्कानिओ सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन तयार केले. त्याचा कण जिभेवर ठेवताच डोके ठणकू लागते, हेही त्यांनीच नोंदवले. आल्फ्रेड नोबेल यांनी त्याचे डायनामाइट केले, तर लंडनचे विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये हृदयशूलावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. डायनामाइटच्या कारखान्यांत रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामगारांची डोकी दुखत, कारण रक्तवाहिन्या रुंदावत आणि दोन-तीन दिवसांत शरीराला त्याची सवय होई. स्वतः नोबेल यांना उतारवयात हृदयविकारासाठी नायट्रोग्लिसरीन सुचवले गेले होते. ते काम कसे करते, हे मात्र शतकभर कोणालाच सांगता येत नव्हते.

फेरिद मुराद यांनी १९७७ मध्ये दाखवले की, नायट्रोग्लिसरीनसारखी द्रव्ये नायट्रिक ऑक्साईड हा वायू मुक्त करतात व तो स्नायुपेशींतील एका विकराला चेतवतो. हा वायू म्हणजे भूल देण्यासाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साईड, अर्थात हास्यवायू नव्हे. नावातील साम्यामुळे होणारा घोटाळा पाठ्यपुस्तकांतही डोकावतो. त्या काळी नायट्रिक ऑक्साईडची ख्याती वाहनांच्या धुरातील प्रदूषक अशीच होती. शरीर स्वतः असे काही निर्माण करत असेल, हा विचार सहज सुचण्यासारखा नव्हता.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात काम करणारे रॉबर्ट फर्चगॉट यांना सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांनी कोड्यात टाकले होते. ॲसिटिलकोलीन दिल्यावर काही तुकडे सैलावत, काही आकुंचन पावत. तयारी करताना आतला नाजूक पेशीथर खरवडला गेला की सैलावणे थांबते, हे लक्षात आल्यावर १९८० मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला की, हा अंतःस्तर एखादे शिथिलकारी द्रव्य सोडत असला पाहिजे. ते द्रव्य नायट्रिक ऑक्साईडच असावे, असे फर्चगॉट व लुई इग्नॅरो यांनी १९८६ मध्ये स्वतंत्रपणे सुचवले. इंग्लंडमधील बेकनहॅम येथील वेलकम प्रयोगशाळेत साल्व्हादोर मोंकादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये त्याला रासायनिक मोजमापाचा आधार दिला. नोबेल पारितोषिक १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद यांना मिळाले. मोंकादा वगळले गेले, त्यावर बराच वाद झाला आणि तो अस्थानी होता असे म्हणता येत नाही.

मोंकादा हे वेन यांच्या हाताखाली घडलेले संशोधक होते. प्रोस्टाग्लँडिनच्या संशोधनात त्यांचा मोठा वाटा होता. दाहशामकांचे शास्त्र आणि नायट्रिक ऑक्साईडचे शास्त्र अशा रीतीने एकाच गुरुकुलात वाढत होते. दोहोंची गाठ पडणे हा म्हणूनच निव्वळ योगायोग नव्हता.

दोन प्रवाहांचा संगम

कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे जॉन वॉलेस हे या कथेतील मध्यवर्ती संशोधक. इटलीतील नेपल्सचे ज्युसेप्पे चिरिनो हे त्यांचे दीर्घकालीन सहकारी. या गटाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात नायट्रिक ऑक्साईड जठराच्या अस्तराचे रक्षण करते, असे दिसून आले. याच सुमारास वॉलेस यांच्या संशोधनातून दुसरी गोष्ट पुढे आली. दाहशामकाने होणाऱ्या इजेत आम्लाइतकाच पांढऱ्या रक्तपेशींचा हात असतो. औषध दिल्यावर या पेशी जठराच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, प्रवाह मंदावतो आणि अस्तर उपाशी पडते. नायट्रिक ऑक्साईड पेशींचे हे चिकटणे रोखते, हे १९९१ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवले. पहारेकऱ्याच्या जागी कोणाला नेमावे, याचे उत्तर समोर होते.

रासायनिक युक्ती साधी होती. बहुतेक दाहशामके ही कार्बनी आम्ले असतात. त्या आम्लगटाला एक छोटी कार्बनसाखळी जोडायची आणि तिच्या दुसऱ्या टोकास नायट्रेट गट बसवायचा, जो नायट्रोग्लिसरीनमध्येही असतो. शरीरातील विकरांनी सांधा तोडला की मूळ औषध सुटते व नायट्रेटमधून नायट्रिक ऑक्साईड हळूहळू मुक्त होते. या संयुगांच्या विकासात इटालियन औषधशास्त्रज्ञ पिएरो देल सोल्दातो यांचा वाटा मोठा होता. फ्लुर्बिप्रोफेन, किटोप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांच्या अशा रूपांवरील निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. दाहशमन कायम आणि उंदरांच्या जठरावर इजा अत्यल्प, असे त्यांचे सार होते. मूळ औषधाने ज्या मात्रेत जठर रक्ताळून जाई, त्या मात्रेत नवे संयुग जवळजवळ निरुपद्रवी ठरत होते.

या पायावर १९९६ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळील सोफिया अँटिपोलिस येथे निकॉक्स ही कंपनी स्थापन झाली. लवकरच तिने ॲस्ट्रा या मोठ्या कंपनीशी करार केला. ॲस्ट्रा पुढे ॲस्ट्राझेनेका झाली. निवड झाली नॅप्रॉक्सेनची. चार कार्बनांच्या साखळीने नायट्रेट जोडलेले नॅप्रॉक्सेन म्हणजेच नॅप्रॉक्सिनॉड. रेणू जड झाल्याने ७५० मिलिग्रॅम नॅप्रॉक्सिनॉडमध्ये ५०० मिलिग्रॅम नॅप्रॉक्सेनइतकेच मूळ द्रव्य असते.

एक शंका आरंभापासून होती आणि तिला पुरेसे उत्तर कधीच मिळाले नाही. नायट्रिक ऑक्साईड अल्प प्रमाणात रक्षक असले, तरी सुजलेल्या भागात ते मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि तेथे दाह वाढवण्यास हातभारही लावते. एकच रेणू जागा व प्रमाण यांनुसार दोन भूमिका वठवतो. पोटात गेलेली गोळी कोठे, किती आणि किती वेळ नायट्रिक ऑक्साईड देते, यावर सारी भिस्त होती. काही सेकंदांत नाहीसा होणारा हा वायू जिवंत माणसाच्या जठरात मोजणे जवळपास अशक्य होते. संकल्पनेचा कणा असलेली गोष्टच थेट दिसत नव्हती.

जठराचे मोजमाप

माणसांवरील पहिली महत्त्वाची कसोटी आशादायक ठरली. ब्रिटनमधील हॉकी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३१ निरोगी स्वयंसेवकांना आळीपाळीने दोन्ही औषधे १२ दिवस देण्यात आली. एंडोस्कोपीत नॅप्रॉक्सेनवर सरासरी ११.५ खरचटलेले ठिपके आढळले, तर नव्या औषधावर ४.१. फरक ठळक होता.

त्यानंतरची चाचणी नितंब वा गुडघ्याच्या संधिवाताच्या ९७० रुग्णांवर सहा आठवडे चालली. तीत मोजायचे होते ते तीन मिलिमीटर वा त्याहून मोठे व्रण. नॅप्रॉक्सेन घेणाऱ्यांत १३.७ टक्के आणि नॅप्रॉक्सिनॉड घेणाऱ्यांत ९.७ टक्के जणांना असे व्रण झाले. औषधरहित गोळी घेणाऱ्यांत एकही नाही. दोन औषधांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. दोन्ही औषधे प्रत्यक्षात सारखीच असती, तरी एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात सात इतकी निघाली. मान्य मर्यादा पाचाची आहे. लहान खरचटण्यांसारखे दुय्यम निकष बहुतांशी नव्या औषधाच्या बाजूने होते.

या निकालाचा अर्थ कसा लावायचा, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. उंदरांतील जवळजवळ संपूर्ण संरक्षण माणसांत सुमारे तीस टक्क्यांच्या अनिश्चित घटीवर आले होते. उंदराला एक मोठी मात्रा देऊन काही तासांत जठर तपासले जाते. माणसाचा व्रण आठवड्यांनी आणि महिन्यांनी घडतो. त्यात वय, आम्ल, हेलिकोबॅक्टर जिवाणू, सोबतची औषधे असे अनेक भागीदार असतात. दुसरीकडे, मोठ्या वा दीर्घ चाचणीत हाच फरक निःसंशय ठरला असता, हीही शक्यता होती. तीन मिलिमीटरचा व्रण हा मुळात रक्तस्रावाचा दूरचा निदर्शक आहे, स्वतः रक्तस्राव नव्हे. रक्तस्राव कमी होतो का, हे कोणीच मोजले नव्हते. ॲस्ट्राझेनेकाने २००३ मध्ये औषध सोडून दिले. प्रश्न अनुत्तरित असतानाच मोठा भागीदार बाहेर पडला, ही या इतिहासातील पहिली निर्णायक घटना होय.

नायट्रो-ॲस्पिरिन

याच कुळातील ॲस्पिरिनच्या रूपाची हकीकत थोडी वेगळी असून, शास्त्रीय पद्धतीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. एनसीएक्स ४०१६ या सांकेतिक नावाचे हे संयुग हृदयरोग आणि आतड्याचा कर्करोग या दोन्हींसाठी आशास्थान मानले गेले. पेशींच्या संवर्धनात ते कर्करोगपेशींना ॲस्पिरिनपेक्षा कित्येक पटींनी मारक ठरे आणि त्याचे श्रेय साहजिकच नायट्रिक ऑक्साईडला दिले जाई.

परंतु या संयुगातील जोडसाखळी नॅप्रॉक्सिनॉडसारखी साधी नव्हती. तीत बेंझीनचे कडे होते. सांधा तुटताना त्यातून क्विनोन मेथाइड नावाचे अतिशय क्रियाशील द्रव्य निर्माण होई. कर्करोगपेशी मरतात त्या या द्रव्यामुळे, नायट्रिक ऑक्साईड वा ॲस्पिरिनमुळे नव्हे, असे २००७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ज्याला केवळ दोरी समजले जात होते, तीच विषारी निघाली. जनुकीय हानीच्या शंकेवरून त्याच वर्षी या संयुगाचा विकास थांबला. वर्षानुवर्षे प्रयोगांत नायट्रेट गट काढून टाकलेले, पण तीच साखळी असलेले संयुग तुलनेसाठी नियमाने वापरले गेले असते, तर हा उलगडा कितीतरी आधी झाला असता.

बदललेला प्रश्न

नॅप्रॉक्सिनॉडच्या वाटचालीत दरम्यान बाहेरून मोठा धक्का बसला होता. सायक्लोऑक्सिजनेजचे दुसरे रूप १९९१ च्या सुमारास सापडल्यावर, जठरातील पहिल्या रूपास न छेडता फक्त दाहातील दुसऱ्याला अडवणारी औषधे बनवण्यात आली. सेलेकॉक्सिब १९९८ मध्ये आणि रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. रोफेकॉक्सिबची नॅप्रॉक्सेनशी तुलना करणारी, सुमारे ८,००० रुग्णांची चाचणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. जठराच्या गुंतागुंती निम्म्यावर आल्या, पण हृदयविकाराचे झटके रोफेकॉक्सिबच्या गटात अधिक होते. नॅप्रॉक्सेनच हृदयाचे रक्षण करत असावे, असे स्पष्टीकरण तेव्हा देण्यात आले. औषधरहित गोळीशी तुलना करणाऱ्या दुसऱ्या चाचणीने ते टिकू दिले नाही. ३० सप्टेंबर २००४ रोजी रोफेकॉक्सिब जगभरातून मागे घेतले गेले. भारतातही त्याच वर्षअखेर त्यावर बंदी आली.

एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने या कुळातील सर्व औषधांच्या वेष्टनावर हृदयविषयक गंभीर इशारा छापण्यास सांगितले. आतापर्यंत ‘पोटाला किती सोसते?’ असे विचारणारे वैद्यकीय जग ‘हृदयाला किती धोका?’ असे विचारू लागले. निकॉक्सने हा बदल ओळखला. नायट्रिक ऑक्साईड रक्तवाहिन्या सैल करते. दाहशामके तर रक्तदाब वाढवतात. जठरासाठी जोडलेला तोच नायट्रेट गट आता रक्तदाबासाठी उपकारक म्हणून पुढे करण्यात आला. रेणू तोच राहिला, त्याचे प्रयोजन बदलले.

अंतिम टप्प्याच्या तीन चाचण्या २००८ पर्यंत पूर्ण झाल्या. दोन गुडघ्याच्या व एक नितंबाच्या संधिवाताच्या रुग्णांवर होत्या. वेदनाशमनात नॅप्रॉक्सिनॉड औषधरहित गोळीपेक्षा निःसंशय सरस ठरले. नॅप्रॉक्सेनच्या तुलनेत वरचा रक्तदाब पाऱ्याच्या साधारण दोन-तीन मिलिमीटरने कमी राहिला. लोकसंख्येच्या पातळीवर एवढा फरक नगण्य नसतो, हे खरे. पण दोन-तीन मिलिमीटरवरून हृदयविकाराचे झटके खरोखर कमी होतील, असा निष्कर्ष काढणे म्हणजे तीन मिलिमीटरच्या व्रणावरून रक्तस्रावाचा अंदाज बांधण्यासारखेच होते. एका निदर्शकाच्या जागी दुसरा निदर्शक आला, एवढाच बदल झाला.

मे २०१०

निकॉक्सने सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेत अर्ज दाखल केला. प्रशासनाच्या सल्लागार समितीची बैठक १२ मे २०१० रोजी झाली. मतदान मान्यतेच्या विरोधात १६ विरुद्ध १ असे झाले. वेदनाशमनाबद्दल फारसे दुमत नव्हते. आक्षेप असा की, जठर आणि हृदय या दोन्ही बाबतींत हे औषध जुन्या नॅप्रॉक्सेनहून सुरक्षित आहे, हे सिद्ध करणारा दीर्घकालीन पुरावा नाही. जुलै २०१० मध्ये प्रशासनाने मान्यता नाकारून तसा पुरावा मागितला. युरोपातील अर्ज कंपनीने एप्रिल २०११ मध्ये मागे घेतला.

मागितलेला पुरावा किती मोठा असतो, याची कल्पना नंतरच्या एका उदाहरणावरून येते. सेलेकॉक्सिब, नॅप्रॉक्सेन व आयबुप्रोफेन यांची हृदयविषयक तुलना करणारी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २४,०८१ रुग्ण होते आणि ती पूर्ण व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. एका लहान फ्रेंच कंपनीच्या आवाक्यातील ही गोष्ट नव्हती.

समितीने अन्याय केला, असे म्हणता येणार नाही. रोफेकॉक्सिबच्या अनुभवानंतर सावधगिरी अपरिहार्य होती. तरीही त्याच काळातील दुसरी एक घटना शेजारी ठेवून पाहिली पाहिजे. या बैठकीच्या अवघे बारा दिवस आधी, ३० एप्रिल २०१० रोजी, त्याच प्रशासनाने नॅप्रॉक्सेन आणि आम्लरोधक इसोमेप्राझोल एकत्र असलेल्या गोळीला मान्यता दिली होती. तिच्यामागे २००६ पासून पोझेन या कंपनीसह ॲस्ट्राझेनेकाच होती, जिने २००३ मध्ये नॅप्रॉक्सिनॉड सोडले होते. वर उल्लेखिलेल्या तीन मार्गांपैकी दुसरा, आम्ल कमी करण्याचा मार्ग जिंकला. त्यात नवा रेणू नव्हता, नवे शास्त्रही नव्हते. दोन जुन्या, परिचित औषधांची सोबत होती. आम्लरोधकाची स्वतंत्र गोळी स्वस्त झाल्यावर तर नव्या रेणूची निकड आणखीच कमी झाली. आपल्याकडे औषधाच्या दुकानात गुडघेदुखीच्या गोळीसोबत ‘ॲसिडिटीची’ गोळी मागितली जाते, तीही याच मार्गाची.

मूळ अडचण मात्र संपलेली नाही. अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणात, अधिक मात्रेतील नॅप्रॉक्सेन हृदयाच्या बाबतीत इतरांपेक्षा कमी धोक्याचे, परंतु जठराच्या वरच्या भागातील गुंतागुंती सुमारे चौपट करणारे ठरले. आम्लरोधक जठराला आधार देतो, पण त्याखालच्या लहान आतड्याच्या इजेवर त्याचा उपयोग होत नाही, कारण तेथे आम्लाचा प्रश्नच नसतो.

रेणूचे उरलेले भाग

कल्पना २०१० नंतर पूर्णतः विझली नाही. मुंबईत गोरेगाव येथील पिरामल लाइफ सायन्सेसच्या संशोधकांनी निराळ्या, गंधकयुक्त जोडसाखळीने बांधलेल्या अशाच संयुगांवरील काम २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. वॉलेस यांनी स्वतः नायट्रिक ऑक्साईडऐवजी हायड्रोजन सल्फाईड हा दुसरा वायू हाती घेतला. सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायूही शरीरात अल्प प्रमाणात तयार होतो आणि जठराचे रक्षण करतो. त्यांच्या अँटिब या कंपनीच्या, हा वायू सोडणाऱ्या नॅप्रॉक्सेनची २४४ निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी झाली. नॅप्रॉक्सेन घेणाऱ्यांत ४२.१ टक्के आणि नव्या औषधावर केवळ २.५ टक्के जणांना व्रण झाले. नायट्रिक ऑक्साईडला माणसांत जे साधले नव्हते, ते येथे स्पष्टपणे साधलेले दिसत होते. पण पुढच्या अभ्यासात यकृताची विकरे वाढल्याने तो २०२१ मध्ये थांबवावा लागला. अमेरिकेच्या प्रशासनाने २०२४ मध्ये नव्या चाचणीस रोख लावली आणि त्याच वर्षी कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

निकॉक्सने दाहशामकांपासून दूर होऊन नेत्ररोगांकडे मोर्चा वळवला. काचबिंदूत डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी लॅटॅनोप्रॉस्ट वापरतात. त्याला नायट्रेट गट जोडून तयार झालेले लॅटॅनोप्रॉस्टिन ब्यूनॉड हे डोळ्यात घालण्याचे थेंब बॉश अँड लॉम्ब कंपनीमार्फत २ नोव्हेंबर २०१७ रोजी अमेरिकेत मान्य झाले. येथे मोजायचा दाब हाच उपचाराचाही हेतू असल्याने निदर्शकाचा जुना पेच आड आला नाही. लॅटॅनोप्रॉस्ट हे प्रोस्टाग्लँडिनचेच कृत्रिम भावंड आहे, म्हणजे ज्या द्रव्याला नॅप्रॉक्सेन रोखते त्याच घराण्यातले. नायट्रेट गट त्याला ज्या चार कार्बनांच्या साखळीने जोडला आहे, ती नॅप्रॉक्सिनॉडमधलीच आहे.